भिंतीला दोन हात

जुन्याचं नवं करणं हा माझा धंदाच आहे. बापाचा कोट लेकाच्या मापाचा करायचा, विटक्या पडद्यांतून उशांचे अभ्रे काढायचे, उसवलेलं सांधायचं, ढगळ झालेलं आवळून द्यायचं. चौकाच्या कोपऱ्यावर माझं शिलाईचं दुकान आहे आणि त्याच्याच वर एक खोली, तिथं मी एकटी राहते. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. धाकटा भाऊ म्हणतो, नवरा पसंत करण्याइतकासुद्धा तिला धीर नव्हता. तो मला ‘घाईताई’ म्हणतो. मी चिडते, पण नाव काही खोटं नाही. समोर बिघडलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवायला लागतात.

आणि आईचं स्वयंपाकघर तर मला बघवतच नव्हतं.

आई दोन गल्ल्या सोडून राहायची. बाबा गेल्यापासून एकटीच. बाहेरची खोली नीटनेटकी, पण आत पाऊल टाकलं की जीव घाबरा व्हायचा. भिंतींचा मूळ रंग कुठला ते देव जाणे. फडताळाचं एक दार एकाच बिजागरीवर लोंबकळत होतं. ओट्याला तडे गेलेले. आणि डबे! एकाचा एकाशी संबंध नाही. एक पत्र्याचा चौकोनी, एक पोचा आलेला गोल, एक बिस्किटांचा, एक पावडरचा, एक काचेची बरणी, तिला झाकण तिसऱ्याच डब्याचं. वर आईला अलीकडे एक नवीनच खूळ लागलं होतं. माझ्याकडून सुटी बटणं मागून न्यायची आणि डब्यांना चिकटवायची. “एखादं मोठं बटण असलं तर दे ग,” म्हणायची. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस लहान होतं म्हणतात ते हेच. मी मूठभर द्यायचे.

पण सगळ्यांत वाईट होती ती भिंतीवरची पट्टी. दारापासून शेगडीपर्यंत, शेगडीपासून सिंकपर्यंत, कमरेच्या थोडी वर, चांगली वीतभर रुंद, काळपट, तेलकट. आईच्या हाताची. चालताना भिंतीवर हात फिरवत चालायची तिला सवय लागली होती. “आई, भिंतीला हात लावू नकोस ग,” हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन त्याला गणती नाही. “हो हो,” म्हणायची आणि पुन्हा लावायची. मी फडकं घेऊन पुसायला जायचे, तर फडकंच काळं व्हायचं.

धाकटा दुसऱ्या शहरात असतो. मागच्या वेळी आला तेव्हा त्या लोंबत्या दारावर त्याचं डोकं आपटलं. कपाळ चोळत तो म्हणाला, “हे स्वयंपाकघर आहे का भंगाराचं गोदाम? ताई, हिला एकटीला इथं ठेवायचं म्हणजे हद्द झाली. मी घेऊन जातो हिला माझ्याकडे.”

आई कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. “मी कुठंही येणार नाही. इथं माझं सगळं हाताशी आहे.”

आम्ही दोघांनी ते नुसतं बोलण्यातलं बोलणं म्हणून ऐकलं. हाताशी आहे म्हणजे काय, तर सोयीचं आहे.

धाकटा बधेना. शेवटी म्हणाला, “महिन्याभरानं येतो. तेव्हाही हेच दिसलं तर मी कुणाचं ऐकणार नाही.” त्याचंही चुकत नव्हतं, त्याला काळजी होती. पण आईचा चेहरा एवढासा झाला होता. मी तिला बाजूला, जिन्यापाशी नेलं आणि कानात म्हणाले, “काळजी करू नकोस. तुझं घर सोडायची वेळ मी येऊ देत नाही. असं चकाचक करते की धाकटा तोंडात बोट घालेल.”

“कशाला ग खटाटोप,” आई म्हणाली. “आहे ते बरं आहे.”

“तू गप्प बस,” मी म्हणाले.

आता हे मी केलं ते काही पैशाचा चुराडा करून नाही. भिंती पाडा, फरशी उखडा, असले थाट आपल्याला झेपणारे नव्हतेच. फडताळ तेच ठेवलं, फक्त दारं उतरवून पॉलिश पेपरनं घासली, नव्या बिजागऱ्या लावल्या, पांढरा रंग दिला. ओट्याच्या तड्यांत पांढरं सिमेंट भरलं. ओट्याखालच्या उघड्या कप्प्यांना माझ्या दुकानातल्या उरलेल्या कापडाचा झालरीचा पडदा केला, निळ्या चौकड्यांचा. शेगडी डावीकडची उजवीकडे नेली, म्हणजे खिडकीचा वारा लागायला नको. टेबल मधोमध अडचण करत होतं ते खिडकीखाली सरकवलं. आणि डबे सगळे काढून टाकले. चोवीस बरण्या आणल्या, एका मापाच्या, एका उंचीच्या, पांढऱ्या झाकणांच्या. प्रत्येकीवर मी स्वतः जाड काळ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून चिकटवली. अक्षर मुद्दाम मोठं काढलं. आईचं वय झालंय, लांबूनसुद्धा वाचता आलं पाहिजे, एवढा विचार केला होता मी. मला माझंच कौतुक वाटलं होतं.

जुने डबे पोत्यात भरून भंगारवाल्याला दिले. बटणं खरवडून काढायचा कंटाळा केला, तशीच गेली.

रंगारी मात्र जरा बोलका निघाला. पट्टी घासायला घेतली आणि मध्येच थांबला. “ताई, ही बघा, सगळीकडे एका उंचीवर आहे. माझे आजोबा होते ना, त्यांच्या खोलीत अश्शीच—”

“आजोबांचं नंतर सांगा हो,” मी म्हणाले. “आधी ती निघेल तेवढी काढा, नाहीतर रंग धरायचा नाही.”

त्यानं सोड्याच्या पाण्यानं पट्टी घासून काढली. मग म्हणाला, “दोन हात मारले की काही दिसायचं नाही.” रंगाच्या थराला त्यांच्याकडे हात म्हणतात. मारले त्यानं दोन हात. फिकट पिवळा, लोण्यासारखा. खोलीत एकदम उजेड आला.

ते आठ दिवस आई माझ्याकडे होती. खुर्चीत बसायची ती बसूनच राहायची. पहिल्या दिवशी टाचण्यांच्या डबीवर तिचा पाय पडला, दुसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या लवंडला. मी म्हणाले, “आई, बघून चाल की जरा.” ती म्हणाली, “परकं घर आहे बाई.” मला राग आला. लेकीचं घर परकं? मग तिला हात धरून न्यायचं-आणायचं मीच करू लागले, पण ते रागानं.

गुरुवारी मी तिला घरी नेलं. दारातून आत ढकललंच म्हणा ना. “बघ!”

आई उंबऱ्यापाशी उभी राहिली. नाक वर करून वास घेतला. “नवा रंग,” म्हणाली. “कुठला काढलास शेवटी?”

“म्हणजे काय? दिसत नाही का तुला?”

“दिसतोय की. तुझ्या तोंडून ऐकायचाय.”

मी फुशारले. पिवळा कसा निवडला, पडदा कसा शिवला, बरण्या कशा उन्हात फिरून जमवल्या, सगळं पाल्हाळ लावून सांगितलं. ती मान हलवत होती. “किती राबलीस ग,” म्हणाली आणि पुढे होऊन हात भिंतीकडे नेला. मी झपकन तिचं मनगट धरलं.

“आता भिंतीला हात लावायचा नाही हं! शपथ आहे माझी. दोन दोन हात दिलेत रंगाचे.”

तिनं हात मागे घेतला. साडीला पुसला, जणू काही सांडलं होतं त्यावर. “नाही लावणार,” म्हणाली.

शुक्रवारी गेले तर तिनं शेगडी पेटवलीच नव्हती. पाव-दूध खाल्लं म्हणाली. “नव्या ओट्याला डाग पडायचे.” शनिवारी गेले तर चोवीसच्या चोवीस बरण्या टेबलावर, झाकणं उघडी, आणि ही एकेकीत बोट घालून चाखतेय! मी कपाळावर हात मारला. “अग, चिठ्ठ्या कशाला लावल्यात मी? शोभेला? ओली बोटं घालू नकोस, सगळं खराब होईल.”

“बरं,” म्हणाली ती. तिच्या बोटाला मीठ लागलं होतं.

रविवारी धाकटा येणार होता. मी सकाळीच जाऊन शेवटचा हात फिरवला. पडदा झटकला, फडताळाच्या पितळी मुठी चमकवल्या. बघते तर दोन बरण्यांना रबर लावलेले. एकीला एक, दुसरीला दोन. आणि आणखी एकीला दोऱ्याची गाठ. मनात म्हटलं, ही काही सुधारायची नाही. रबर काढून एप्रनच्या खिशात टाकले, दोरा कात्रीनं कापला, बरण्या फडक्यानं पुसल्या आणि सगळ्या चिठ्ठ्या समोर येतील अशा एका ओळीत लावल्या. आई तेव्हा आंघोळीला गेली होती.

धाकटा अकराच्या सुमाराला आला. आत आला आणि खरंच तोंडात बोट घालायचाच राहिला. “घाईताई, हे आपलंच घर ना?” फडताळाचं दार उघडून बंद करून पाहिलं, वाकून पडद्याखाली डोकावला. “मानलं बुवा तुला.” मग मोकळेपणानं हसला. “ठीक आहे. हरलो मी. राहू दे आईला इथं.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी आईकडे पाहिलं. ती हसत होती, पण उभी अशी राहिली होती की जणू बसमध्ये उभी आहे आणि धरायला काही नाही.

“बसा तुम्ही,” ती म्हणाली. “माझ्या नव्या स्वयंपाकघरात पहिला चहा मीच करणार.”

“मी करते,” मी म्हणाले.

“नाही. मी.”

ती सावकाश निघाली. दोन्ही हात अंगालगत. टेबल पूर्वी होतं तिथं वळसा घेतला, रिकाम्या जागेला. आता सरकवलेल्या टेबलाचा कोपरा तिच्या मांडीला लागला. “अग्गबाई,” म्हणाली आणि हसली. धाकटा हसला, मीही हसले. शेगडी पेटवायला तिनं आधी डावीकडे हात नेला, मग उजवीकडे. सवयीचा दोष, मी मनात म्हटलं. बरण्यांच्या ओळीवरून तिचा हात फिरला. एकदा फिरला, परत मागे आला, पुन्हा फिरला. काहीतरी शोधत होता. मग एका बरणीवर थांबला.

चहाचा पहिला घोट धाकट्यानं घेतला आणि परत कपात सोडला. “आई, खारट आहे हा.”

“खारट?”

“मीठ घातलंयस तू. साखरेऐवजी.”

“चुकून ग... चुकून रे,” ती म्हणाली. “बरण्या सारख्याच दिसतात ना.”

“पण एवढं मोठं लिहिलंय ताईनं.” धाकटा उठला. त्याला हसू येत होतं अजून. हाताला आली ती बरणी उचलून त्यानं आईसमोर धरली. “वाच बघू काय लिहिलंय.”

आईनं बरणी घ्यायला हात पुढे केला. त्यानं मागे घेतली. “हातात नको घेऊस. नुसतं वाच.”

तिनं चेहरा वर केला. बरणीकडे नाही, बरणीच्या जरा वर, धाकट्याच्या खांद्याकडे. आणि शाळेतल्या पोरीसारखं ठाम सांगितलं, “साखर.”

तांदूळ होते. आतले दाणे दिसत होते, वर माझं जाड काळं अक्षर होतं. मी हसले हो. खरंच सांगते, हसले. “आई, पुरे आता चेष्टा,” म्हणाले.

धाकटा हसला नाही. त्यानं बरणी खाली ठेवली, आवाज न करता. मग आपला पंजा आईच्या डोळ्यांसमोर नेला, अगदी नाकाशी, आणि हलवला. तिची पापणी लवली नाही. ती तशीच हसत उभी होती, आम्ही काय म्हणतोय याची वाट बघत.

“आई,” तो म्हणाला आणि खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडायला लागला. तो आवाज ऐकला तेव्हा आईचं हसू गेलं.

काचबिंदू. अडीच वर्षांपूर्वी ती एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आली होती. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घाला, राहील तेवढी राहील, असं त्यांनी सांगितलं होतं. थेंब घातले तिनं. तरी जात राहिली. आधी कडेचं गेलं, मग नळीतून पाहिल्यासारखं थोडं समोरचं उरलं, आणि गेल्या काही महिन्यांत तेही. उरला होता तो नुसता उजेड-अंधार. आमच्या नकळत तिनं सगळं बसवलं होतं, दिसत होतं तोवर. दोन भोकांचं बटण म्हणजे मीठ. चार भोकांचं म्हणजे साखर. पोचा आलेला डबा डाळीचा, चौकोनी तांदळाचा. दारापासून शेगडी सात पावलं, शेगडीपासून सिंक चार, भिंत धरून. मी सामान आणून टाकायचे तेव्हा “ठेव तिथंच, मी भरते” का म्हणायची, ते मला त्या दिवशी कळलं.

“मला का नाही सांगितलंस?” मी ओरडलेच तिच्यावर. ओरडण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही.

“तुला सांगितलं असतं तर तू लगेच काहीतरी केलं असतंस,” आई म्हणाली.

“आणि मग हे एवढं हौसेनं केलंस,” ती म्हणाली. “म्हटलं, नव्यानं शिकू. रबर लावले होते मी. मिठाला एक, साखरेला दोन. सकाळपर्यंत होते. कुठं गेले कळलं नाही.”

माझ्या एप्रनच्या खिशात होते ते. मी खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. मग काढले आणि तिच्या हातावर ठेवले. तिनं चाचपले. “हं,” म्हणाली फक्त.

सोमवारी सकाळी मी भंगारवाल्याकडे धावले. पोतं शनिवारीच ट्रकमध्ये गेलं होतं, दाबून, चेपून. मी त्याच्याशी भांडले. तो बिचारा म्हणाला, “बाई, तुम्हीच तर म्हणालात, एकदाचं घेऊन जा.” घरी येऊन मी आईला सांगितलं, होतं तसं सगळं परत करते, टेबल मधे आणते, शेगडी हलवते, बटणं तर माझ्याकडे पोतंभर आहेत, मीच इथं येऊन राहते.

“दिवसभर तू दुकानात,” आई म्हणाली. “आणि ते बसवलं तेव्हा मला थोडं दिसत होतं ग. आता नाही जमायचं. काल शेगडी पेटवताना हात थरथरला माझा. पूर्वी कधी नाही थरथरला.”

धाकटा एक शब्दही टोचून बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं बॅग भरली. बॅग तरी कसली मोठी, चार साड्या आणि थेंबांची बाटली. खाली गाडी उभी होती.

“एकदा आत जाऊन येते,” आई म्हणाली. मी तिला शेगडीपर्यंत नेलं. तिनं शेगडीचं बटण बंद आहे का ते चाचपलं. मी स्वयंपाकघरभर बघत होते. पिवळा रंग, निळा पडदा, सगळं चकचकीत. भिंतीकडे माझं लक्ष गेलं. दारापासून शेगडीपर्यंत, शेगडीपासून सिंकपर्यंत, एकसुद्धा बोट उमटलेलं नव्हतं. चार दिवस ती त्या घरात एकटी आंधळी वावरली होती आणि माझी शपथ तिनं मोडली नव्हती.

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

“आता लावू का ग भिंतीला हात?” तिनं विचारलं.

“लाव ग,” मी म्हणाले. “लाव ग आई.”

तिनं तळहात टेकवला, नेमका जुन्या उंचीवर. शेगडीपासून दारापर्यंत चालत आली, एकदाही न अडखळता, पाठ ताठ करून. दारापाशी थांबली आणि हात काढायच्या आधी एकदा भिंतीवरून परत फिरवला.

“छान झालीय ग,” म्हणाली. “गुळगुळीत.”